दहा लाख फेरे: नगरची चार यंत्रं आणि पोलादाचा थकवा

तुम्ही नगर जिल्ह्यातले असाल, तर या लेखातली चारही यंत्रं तुम्ही पाहिलेली असतील. दौंड-मनमाड मार्गावरची रेल्वेगाडी, साखर कारखान्यातली मिल, लुना आणि रणगाडा संग्रहालयातला रणगाडा. या चौघांचा एकमेकांशी काय संबंध? चौघांच्याही पोटात पोलादाचा एक दांडा आहे, आणि तो कामभर पुन्हा पुन्हा वाकतो किंवा पिळला जातो. माझी पीएचडी या दांड्यांबद्दल आहे. ‘म्हणजे नक्की काय करतेस?’ असं घरी-दारी विचारतात, त्याचं उत्तर आज जरा इतिहासातून देते.

आधी मुद्दा समजून घेऊ. लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलात तर दहा-वीस वेळांत तुटते. एका झटक्याला जे पोलाद सहज पुरून उरतं, ते त्याहून कितीतरी कमी जोर वारंवार लावल्यावर तुटतं. पुस्तकात याला श्रांती म्हणतात, कारखान्यात सगळे फटीग म्हणतात. मी साधं थकवा म्हणणार आहे. यातली खरी भीती अशी, की थकलेलं पोलाद आधी वाकून सूचना देत नाही. आत केसाएवढी चीर पडते, ती महिनोन्महिने मिलीमीटरच्या अंशाने सरकते, आणि एक दिवस उरलेला भाग खाडकन तुटतो.

‘किती वेळा’ हा म्हणूनच या विषयातला पहिला प्रश्न. आपण मोजमाप म्हणून दहा लाख हा आकडा धरू, आणि आपली चार यंत्रं तिथवर किती वेळात पोचतात ते बघू.

रेल्वेचा ॲक्सल

दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली आणि नगर त्या मार्गावर आलं. बैलगाडीत आस स्थिर असतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. रेल्वेत तसं नाही. चाकं ॲक्सलवर दाबून घट्ट बसवलेली असतात आणि सगळं मिळून फिरतं. डब्याचा भार मात्र सतत खालीच. त्यामुळे ॲक्सलच्या पृष्ठभागावरचा एकच बिंदू घेतलात, तर तो वर असताना ताणला जातो, अर्ध्या फेऱ्यानंतर खाली असताना दाबला जातो, पुन्हा वर आला की पुन्हा ताण. एक फेरा, एक ताण-दाब. डब्याच्या चाकाचा घेर तीन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दहा लाख फेरे साधारण तीन हजार किलोमीटरमध्ये पुरे होतात. दौंडहून मनमाडला सहा-सात वेळा जाऊन-येऊन केलं की झालं.

युरोपने हे फार महागात शिकलं होतं. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रँकिनने दाखवलं की तुटणाऱ्या ॲक्सलमध्ये चीर बाहेरून, जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून आत शिरत जाते. त्याचा उपाय साधा होता: कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या. आजही कुठल्याही शाफ्टच्या ड्रॉइंगवर ही गोलाई असते.

मोजमाप केलं ते प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलर या अभियंत्याने. बारा-एक वर्षं तो ॲक्सलचे तुकडे फिरवत्या यंत्रावर वाकवत राहिला, आणि 1870 मध्ये त्याने सारं काम एकत्र मांडलं. ताण जितका कमी, तितके फेरे जास्त. आणि एका ठरावीक ताणाच्या खाली गेलं तर पोलाद तुटतच नाही, कितीही फिरवा. या मर्यादेला आपण सहनसीमा म्हणू. नगरला रुळ पोचले तेव्हा हे ज्ञान जेमतेम आठ वर्षांचं होतं.

पण व्योलरने ‘किती’ सांगितलं, ‘का’ सांगितलं नाही. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी होती की धक्के खाऊन खाऊन लोखंडाचं आतून स्फटिक होतं आणि ते ठिसूळ बनतं. तुटलेला भाग चमकदार, दाणेदार दिसायचा, म्हणून असं वाटायचं. खरं तर लोखंड पहिल्यापासूनच स्फटिकांचं बनलेलं असतं, फक्त ते दाणे डोळ्यांना दिसत नाहीत. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीने 1863-64 च्या सुमारास पोलाद घासून, आम्लाने हलकेच खाऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि आतला नकाशा पहिल्यांदा दिसला. पुढे 1903 मध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी लोखंडाचा तुकडा वाकवत वाकवत मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही दाण्यांमध्ये बारीक रेघा उमटतात, फेरे वाढले की त्या रेघा दाट होतात, आणि त्यातलीच एखादी चीर बनते. म्हणजे अख्खा दांडा एकदम थकत नाही. त्यातला एखादा दाणा थकतो, आणि तिथून सुरुवात होते.

तो कुठला दाणा, हाच माझ्या विषयाचा गाभा आहे.

लोहाराचं पाणी

दाणे बदलता येतात हे लोहाराला सूक्ष्मदर्शकाशिवाय माहीत होतं. ऊसतोडीचा कोयता किंवा विळा तयार झाला की लोहार त्याला ‘पाणी देतो’. लाल तापवून पाण्यात बुडवतो. मग पुन्हा हलकी आच देऊन पात्यावर चढणारा रंग बघतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कुठल्या रंगावर थांबायचं, यात त्याचं सगळं कसब. पाणी जास्त झालं तर धार तुकडे होऊन उडते, कमी पडलं तर बोथट होते.

यात आत काय घडतं? साधारण 800 अंश सेल्सियसच्या पुढे तापलेल्या पोलादात कार्बन लोखंडात विरघळून बसतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश गार केलं तर कार्बन बाहेर पडतो आणि दोन गोष्टी बनतात. एक, जवळपास शुद्ध लोखंडाचे मऊ दाणे, म्हणजे फेराइट. दुसरी, लोखंड आणि लोह-कार्बाइड यांचे एकाआड एक थर, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे, म्हणजे पर्लाइट. पण एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकतो, लोखंडाची जाळी ताणली जाते आणि सुईसारखी, फार कठीण रचना तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून 1890 च्या दशकात तिला मार्टेन्साइट हे नाव पडलं. ती कठीण खरी, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून पुन्हा आच देऊन थोडा कार्बन बारीक कणांच्या रूपात बाहेर काढायचा. याला टेंपरिंग म्हणतात, आणि लोहाराच्या पात्यावरचे रंग म्हणजे त्याचं थर्मामीटर.

आता थकव्याशी जोडून बघा. फेराइटच्या मोठ्या मऊ दाण्यात घसरण सहज सुरू होते आणि दाण्याच्या हद्दीपर्यंत बिनअडथळा जाते. टेंपर केलेल्या मार्टेन्साइटमध्ये रचना अतिशय बारीक असते आणि जागोजागी कार्बाइडचे कण असतात, त्यामुळे घसरण पावलापावलाला अडते. रासायनिक तपासणीत दोन्ही पोलादं अगदी एकसारखी निघतील. थकव्यात मात्र एक दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट ताण सोसेल.

मिलचा शाफ्ट

लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झालं. तिथे किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही कारखान्यात मिलसमोर उभे राहिलात, तर रोलर फार हळू फिरताना दिसतात. मिनिटाला चार फेरे धरले, तर दिवसाला 5,760. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर 8,64,000. म्हणजे रेल्वेचा ॲक्सल जे अंतर काही दिवसांत कापतो, त्याला मिलच्या शाफ्टला अख्खा हंगाम लागतो आणि तरी दहा लाख पुरे होत नाहीत.

मग हे शाफ्ट थकून का तुटतात? एक कारण रचनेत आहे. हा शाफ्ट फार जाड असतो. साधारण 0.45 टक्के कार्बनचं हे साधं पोलाद एवढ्या जाडीत कितीही जोरात गार केलं, तरी मधला भाग सावकाशच गार होणार. म्हणून तिथे मार्टेन्साइटचा हट्ट धरत नाहीत. घडाई करून, नॉर्मलाइझ करून फेराइट-पर्लाइटच ठेवतात. दाणे बारीक ठेवणं एवढंच हाती असतं. घडाई घाईत उरकली किंवा भट्टीत जास्त तापवलं, तर दाणे मोठे राहतात आणि सहनसीमा खाली येते.

दुसरं कारण उसाचा रस. रस थोडा आंबट असतो आणि तो रोलरच्या कवचाखाली, बेअरिंगच्या कडेला झिरपतो. अमेरिकेत मॅकॲडम यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं की गंजवणाऱ्या द्रवात पोलादाला सहनसीमाच उरत नाही. व्योलरने दिलेलं ‘या ताणाखाली कधीच तुटणार नाही’ हे वचन तिथे चालत नाही. फेरे कमी असोत, रस आणि काळ मिळून चीर पुढे नेतातच. आणि शाफ्ट तुटतो तो ऐन गाळपात. मिल थांबते, गव्हाणीबाहेर गाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळून वजनाला उतरतो. सूक्ष्मदर्शकाखालचा एक दाणा असा शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोचतो.

लुना

मूळचे नगरचे असलेले एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लुना बाजारात आणली. जेमतेम 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. मिनिटाला पाच हजार फेरे धरले, तर दहा लाख फेरे 200 मिनिटांत होतात. नगरहून पुण्याला लुनावर गेलात, तर शहरात शिरेपर्यंत क्रँकशाफ्टचे दहा लाख पुरे! मिल एका हंगामात करत नाही, ते ही चिमुकली गाडी एका सकाळी करते.

इथे फेराइट-पर्लाइट कामाचं नाही. अशा इंजिनांच्या क्रँक पिन आणि गिअरसाठी कारखाने केस हार्डनिंग करतात. कमी कार्बनचं, सुमारे 0.2 टक्क्यांचं पोलाद घ्यायचं, कार्बनयुक्त वायूत 900 अंशांच्या पुढे तासन्‌तास तापवायचं. पृष्ठभागातून मिलीमीटरभर खोल कार्बन मुरतो. मग तेलात बुडवायचं. बाहेर कठीण मार्टेन्साइट, आत चिवट गाभा.

यातली खरी गंमत कठीणपणापलीकडची आहे. मार्टेन्साइट बनताना पोलाद फुगतं. गाभ्यात कार्बन कमी, म्हणून तो आधी बदलतो. बाहेरचा थर नंतर बदलतो आणि फुगू पाहतो, पण आतला गाभा आता त्याला पसरू देत नाही. परिणाम असा, की बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. चीर पडायला ताण लागतो. इथे वापरातल्या ताणाला आधी हा दाब फेडावा लागतो, मग उरलंसुरलं नुकसान. रचनेनेच भागाला एक शिल्लक खातं उघडून दिलेलं असतं. पण ग्राइंडिंग करताना कारागिराने घाई केली आणि पृष्ठभाग तापला, तर ते खातं तिथल्या तिथे रिकामं होतं. वरून भाग चकचकीतच दिसतो.

रणगाड्याची दांडी

नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल 1948 पासून आहे, आणि 1994 मध्ये सुरू झालेलं तिथलं रणगाडा संग्रहालय बहुतेक नगरकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. पुढच्या वेळी गेलात तर तोफांकडे जरा कमी आणि चाकांकडे जास्त बघा. सेंच्युरियनच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंगचा आधार आहे. 1965 च्या युद्धाची आठवण असलेल्या पॅटनला मात्र बाहेर फक्त आखूड लोखंडी हात दिसतात, स्प्रिंग कुठेच नाही. ती रणगाड्याच्या पोटात आडवी झोपलेली आहे: पोलादाची सरळ दांडी, एक टोक पलीकडच्या बाजूला घट्ट, दुसरं चाकाच्या हाताला. चाक वर उचललं की दांडी पिळली जाते, आणि सुटून चाकाला खाली ढकलते. हिला टॉर्शन बार म्हणतात. आपल्या विजयंतालाही अशाच दांड्या होत्या.

चाळीस-पन्नास टनांचं धूड खाचखळग्यांतून धावताना या दांड्यांना जे सोसावं लागतं, ते वरच्या तिघांपैकी कुणालाच लागत नाही. फेरे किती हे रस्ता ठरवतो, पण प्रत्येक फेरा जबर. म्हणून इथे क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमसारख्या धातूंची भर घातलेलं पोलाद लागतं. ते जाडीतही आतपर्यंत मार्टेन्साइट होतं. मग टेंपरिंग. मग पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा मारा, म्हणजे शॉट पीनिंग; अमेरिकेत जॉन आल्मेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हे तंत्र शास्त्रशुद्ध केलं. प्रत्येक छर्‍याचा सूक्ष्म खळगा पृष्ठभागाला दाबाखाली ठेवतो. शेवटी दांडी ज्या दिशेने काम करणार त्याच दिशेने मर्यादेपलीकडे एकदा पिळून सोडतात, म्हणजे आत उलट दिशेचा ताण साठून राहतो. यामुळेच डाव्या बाजूची दांडी उजवीकडे लावायची नसते. दिसायला दोन्ही सारख्या, पण उलट बाजूला लावली तर साठवलेला ताण मदत सोडून विरोधात जातो.

मग आता उरलं काय?

इथवर वाचून वाटेल, पोलाद जितकं कठीण तितकी सहनसीमा जास्त. बऱ्याच अंशी खरं आहे. साधा ठोकताळा असा, की सहनसीमा ताणशक्तीच्या निम्मी. पण ताणशक्ती 1,400 मेगापास्कलच्या आसपास गेली की हा ठोकताळा ढेपाळतो. पोलाद अजून कठीण करा, सहनसीमा वाढेनाशी होते, कधी कधी घटतेही. कारण इतक्या कठीण पोलादात थकणारा दाणा दुय्यम ठरतो; पोलाद वितळवताना आत राहिलेला ॲल्युमिनाचा किंवा तत्सम एखादा कण, केसाच्या जाडीहूनही लहान, तोच चिरेचं उगमस्थान होतो. जपानच्या मुराकामी यांनी 1980 च्या दशकात यावर नेटकं सूत्र दिलं: पोलादाचा कठीणपणा आणि त्या कणाचा आकार, दोन गोष्टी पुरेत. त्या सूत्राने कणाची रुंदी दुप्पट झाली तर सहनसीमा सुमारे 11 टक्क्यांनी खाली येते. त्याच दशकात जपानमध्येच आढळलं की असं पोलाद एक कोटी फेरे झाल्यानंतरही आतल्या कणापासून तुटू शकतं. व्योलरचं ‘कधीच नाही’ इथे दुसऱ्यांदा डळमळलं.

माझा प्रश्न या दोन जगांच्या सीमेवरचा आहे. टेंपरिंगचं तापमान थोडं थोडं बदलत गेलं, तर चीर पृष्ठभागावरच्या दाण्यातून सुरू होणं कुठे थांबतं आणि आतल्या कणातून सुरू होणं कुठे सुरू होतं? मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या यंत्रावर एक कोटी फेऱ्यांना साडेपंचावन्न तास लागतात, आणि एका तुकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ‘पीएचडी कधी संपणार?’ हा प्रश्न कृपया यंत्राला विचारा.

पण हे वाचणारे काहीजण नगर एमआयडीसीत किंवा चाकणला हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट आत्ताच सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे भाग पास होतो तो बहुतेकदा रॉकवेलच्या एका आकड्यावर. हा आकडा रचनेबद्दल अर्धंच सांगतो. समजा, एक भाग नीट बुडवला, पूर्ण मार्टेन्साइट झाला आणि मग जास्त टेंपर केला. दुसरा भाग भट्टीतून तेलापर्यंत उशिरा पोचला किंवा तेल गरम होतं, त्यामुळे मार्टेन्साइट अर्धवट झाला. पण टेंपरिंग कमी करून आकडा जुळवला. रॉकवेल दोघांचं सारखं. थकव्यात दुसरा आधी जाणार. 1950 च्या दशकात जॉमिनी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं: कठीणपणा तोच ठेवून मार्टेन्साइटचं प्रमाण कमी केलं तर सहनसीमा उतरते, आणि सुरुवातीची थोडीशी घटच सर्वात जास्त नुकसान करते. कठीणपणा हा सगळ्या दाण्यांची सरासरी आहे. थकवा सरासरी बघत नाही, सर्वात कच्चा दाणा शोधतो.

म्हणून प्रत्येक लॉटमधला एखादा तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कडेला कार्बन जळून गेलेला पांढरट थर आहे का, मध्ये फेराइटचे ठिपके आहेत का, हे दहा मिनिटांत कळतं. त्यापुढचे दहा लाख फेरे कुणाच्या तरी ॲक्सलखाली, मिलमध्ये नाहीतर गाडीत होणार आहेत.

पुढच्या लेखात तुटलेल्या भागाचा पृष्ठभाग कसा वाचायचा ते बघू. चिरेने दर थांब्याला सोडलेल्या लाटांसारख्या खुणा असतात, आणि त्यावरून तिचा प्रवास उलटा शोधता येतो. तुमच्या शॉपमध्ये असा एखादा तुटलेला शाफ्ट पडून असेल, तर भंगारात द्यायच्या आधी त्याच्या तोंडाचा फोटो काढून ठेवा, आणि तुटलेल्या दोन बाजू एकमेकींवर घासू देऊ नका.